एसएम ५० च उघडत नाही तेव्हा

महिनाअखेर, सकाळी साडेअकरा, फायनान्समधून फोन, सर सिस्टीम हँग आहे. हँग म्हणजे नक्की काय ते कोणीच सांगत नाही, सगळ्यांचं एकच, गोल फिरतंय. मी लॉगिन करायला गेलो तर माझंही गोल फिरतंय. सॅपमधे (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) कोण अडकलंय ते बघायला एसएम ५० ही स्क्रीन उघडायची, पण ती उघडायला सुद्धा एक डायलॉग वर्क प्रोसेस लागते आणि तीच शिल्लक नव्हती 😅

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्क प्रोसेस म्हणजे तिकिटाची खिडकी. युजरने एंटर मारलं की डिस्पॅचर (कामं वाटून देणारा प्रोग्राम) त्याला मोकळी खिडकी देतो, काम झालं की खिडकी परत मोकळी, युजर स्क्रीन वाचत बसला तर खिडकी अडत नाही. म्हणून आमच्या २० डायलॉगवर (युजरच्या स्क्रीनची कामं करणाऱ्या खिडक्या) शे-दोनशे लोक आरामात चालतात. बॅकग्राऊंड जॉबच्या (स्क्रीनशिवाय मागे चालणारी कामं) खिडक्या वेगळ्या, अपडेटच्या (डेटाबेसमधे नोंदी लिहिणाऱ्या) वेगळ्या, स्पूलच्या (प्रिंटिंगच्या) वेगळ्या.

तर मग सर्वरवर ओएसमधून शिरलो आणि डीपीमॉन हे सॅपचं टूल चालवलं, त्याला सॅपचं लॉगिन लागत नाही, एसएम ५० मधली वर्क प्रोसेसची यादीच काळ्या स्क्रीनवर दिसते. वीसच्या वीस डायलॉग रनिंग, युजर सगळीकडे एकच. इथे मी जो मूर्खपणा केला तो लिहितो, एकेक प्रोसेस मारायला लागलो. मारली की डिस्पॅचर ती लगेच परत उभी करतो (बरोबरच आहे, त्याचं कामच ते), आणि रांगेतली पुढची रिक्वेस्ट आत. युजर परत तोच. चार-पाच मारल्यावर डोक्यात प्रकाश पडला की हे मुळातून कोणीतरी पाठवतंय.

यादीत खाली बघितलं तर बीटीसीच्या (म्हणजे बॅकग्राऊंडच्या) एका ओळीत तोच युजर गुपचूप बसलेला. एका डेव्हलपरचा नवा रिपोर्ट, जॉब म्हणून लावलेला. तो म्हणतो अहो मी बॅकग्राऊंडला लावलाय, डायलॉगला कसा त्रास होईल? लूपमधे स्टार्टिंग न्यू टास्क (काम वेगळ्या प्रोसेसकडे सोडून पुढे जायची सूचना) लिहिलं होतं त्याने. जॉब बॅकग्राऊंडमधे, पण त्यातून सुटणारा प्रत्येक आरएफसी कॉल (दुसऱ्या प्रोसेसमधे फंक्शन चालवायची रिक्वेस्ट) डायलॉग प्रोसेसच खातो! आणि त्या ओळींत प्रोग्रामचं नाव फंक्शन ग्रुपचं (बोलावलेलं फंक्शन ज्यात असतं त्याचं) दिसतं, रिपोर्टचं नाही, त्यामुळे नावावरून पकडता येत नाही, युजरवरूनच धागा लागतो. तो जॉब मारला, रांगेत आधीच उभ्या होत्या त्या रिक्वेस्ट संपल्या आणि दोनेक मिनिटात सगळं मोकळं.

तेव्हापासून मी एसएम ५० मधे टाइमचा कॉलम शेवटी बघतो. बरेच जण तोच आधी बघतात आणि सगळ्यात मोठा आकडा दिसला की कॅन्सल. बॅकग्राऊंड जॉब ९००० सेकंद चाललाय तर चालू दे ना बाबा, त्याला वेळेची मर्यादा नसतेच. डायलॉगला असते, डिफॉल्ट ६०० सेकंद, पुढे टाइमआऊटचा डंप (काम तुटून एरर रिपोर्ट). मोठा अपडेट अर्ध्यात मारला तर रोलबॅकला (झालेले बदल मागे घ्यायला) परत तेवढाच वेळ जाऊ शकतो हे कोणाच्या लक्षात राहत नाही. आधी प्रकार, मग युजर, मग तो कुठल्या टेबलवर काय करतोय.

आणि हो, कारणाच्या कॉलममधे प्रिव्ह दिसलं तर गोष्ट वेगळी, युजरने मेमरीचा कोटा संपवलाय आणि ती खिडकी आता त्याच्या एकट्याची झालीये. अशा चार-पाच झाल्या तरी बोंब.

डेव्हलपरला आरझेड १२ मधे (अशा आरएफसी कॉलसाठी मर्यादा ठरवायची स्क्रीन) सर्वर ग्रुप करून दिला, ५ डायलॉग कायम मोकळ्या राहतील असा, आणि कोडमधे डेस्टिनेशन इन ग्रुप (कॉल त्या ग्रुपमधूनच सोडायची सूचना) टाकायला लावलं. पहिल्या टेस्टला काही डॉक्युमेंट सुटली कारण खिडकी नसेल तर रिसोर्स फेल्युअर ही एरर येते, थांबून परत कॉल करायचा असतो, ते त्याने लिहिलंच नव्हतं. आता लिहिलंय. रिपोर्टला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून तो अजून माझ्यावर नाराज आहे, फायनान्सचा फोन मात्र आलेला नाही.