औषधाचं मशीन: पट्टे गेले, आता सीन ३ बदलतोय

शेवटी पट्टे गेले!! आपल्या फिल्ममधे पैसे घेऊन औषध देणारं एक मशीन आहे, ते मी बनवतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं ना, त्याचा निळा लाइट डोळ्याला मस्त दिसतो पण कॅमेऱ्यात फ्रेमभर पट्टे सरकत राहतात, त्यात दोन रविवार गेले. आधी वाटलं विजेच्या लाइनच्या ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० आवर्तनं) लोचा, म्हणून २४ सोडून २५ एफपीएस (सेकंदाला फ्रेम), शटर १/५० सेकंद केलं. चाळीच्या गॅलरीतल्या ट्यूबचं फ्लिकर लगेच गेलं, मशीनचे पट्टे फिके झाले पण राहिलेच. एलईडी स्ट्रिप बदलली, अडॅप्टर बदलला, ढिम्म फरक नाही (स्ट्रिप मुंबईत लॅमिंग्टन रोडलाच घ्या, लावून दाखवतात, ऑनलाइन रोलमधे माझे अर्धे एलईडी पिवळट निघाले). मग रात्री दीडला डोक्यात आलं की डिमिंग आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या पिन ९ वरून चाललंय आणि तिथलं पीडब्ल्यूएम (झपाट्याने बंद-चालू करून प्रकाश कमी करणं) ४९० हर्ट्झ, म्हणजे स्ट्रिप सेकंदाला ४९० वेळा बंद-चालू होतेय आणि कॅमेऱ्याचं रोलिंग शटर ओळ ओळ वाचताना तेच पकडतंय. कोडमधे एक ओळ, टायमर १ चा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग ज्याने भागतात तो आकडा) १, फ्रिक्वेन्सी थेट ३१ किलोहर्ट्झवर. एकदम स्वच्छ निळा! मी तीच क्लिप दहा वेळा बघितली.

मशीनमधे ठेवायची वायल (औषधाची छोटी बाटली) पण तयार आहे. आईच्या इन्सुलिनची रिकामी, ४० आययूवाली (मिलीलिटरला ४० युनिट). लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं, चिकटा खोबरेल तेलाने. रबरी बुचावर सुया टोचल्याचे बारीक ठिपके आहेत ते तसेच ठेवलेत, क्लोजअपमधे ते बघून मलाच गलबलून आलं.

मशीनच्या डिस्प्लेवर किंमत म्हणून दिसणारा २८०००० हा आकडा मनाचा नाही. मार्च २०१२ मधे भारतातलं पहिलं कम्पल्सरी लायसन्स (पेटंटवाल्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला औषध बनवायची सरकारी मुभा) दिलं गेलं त्या कॅन्सरच्या औषधाचा महिन्याचा खर्च साधारण तेवढा होता, तो ८,८०० रुपयांच्या आसपास आला. आपल्या गोष्टीतल्या जगात असं लायसन्स देणारं कोणी उरलेलंच नाही.

पण आता हे लिहिताना टेबलावर डिस्प्ले चालूय, त्यात टेस्टिंगचा तापमानाचा कोड राहिलाय आणि ३१ दिसतंय. इन्सुलिन साठवायचं २ ते ८ डिग्रीत! म्हणजे किंमत फक्त सुरुवातीला, सीन ३ मधे लाइट जाते, बाई काचेबाहेर उभी, आकडा ८, ९, १०, ११ चढतोय आणि मशीन दार उघडत नाही. औषध खराब होऊ देईल पण देणार नाही. डायलॉग सगळे काढतो.

आकडा खराच चढवायचाय, बर्फ आणि हेअर ड्रायर वापरून. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर १२ बिटला (सगळ्यात बारीक मोजणीला) एका रीडिंगला ७५० मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात डिस्प्ले अडकतो का ते कोणी करून बघितलं असेल तर सांगा, शनिवारी शूट आहे.