दारामागचा नंबर

तो नंबर मी पहिल्यांदा पाहिला जांभळीच्या खोऱ्यात, एका घराच्या दारामागे. वर ‘नर्सबाई’ आणि खाली सहा आकडे, दोन्ही ऑइल पेंटनं. शेजारी गॅसवाल्याचा आणि वायरमनचा नंबर खडूनं लिहिलेला, पुसून पुसून बदललेला. बाईंचा नंबर तेवढा पक्का. नंतर तो वयगावला दिसला, जोरला दिसला, एका ठिकाणी तर फडताळाच्या फळीवर खिळ्यानं कोरलेला.

त्यामुळे एप्रिलअखेर वाईच्या गंगापुरीत बाईंच्या वाड्यात काचेची तार, म्हणजे फायबर, जोडायची ऑर्डर हातात आली तेव्हा घर शोधावं लागलं नाही. बाई तीस वर्षं खोऱ्यातल्या उपकेंद्रांत नर्स होत्या. निवृत्त होऊन वाईत राहायला आल्या, पण खोऱ्यातली माणसं अजून त्यांनाच फोन करतात. पोर तापानं फणफणलंय, सून अवघडलीय, विंचू चावलाय. बाई औषध देत नाहीत, फक्त सांगतात. घरी थांबा, दवाखाना गाठा, आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन लावा. एवढंच सांगणारं माणूस रात्री दोन वाजता फोन उचलतं, याची किंमत खोऱ्यात राहणाऱ्यालाच कळते.

फायबर हवं होतं ते नातवाला. तो पुण्याहून शुक्रवारी येतो आणि सोमवारी इथूनच काम करतो. तांब्याच्या तारेवर त्याला दोन एमबीपीएस कसेबसे मिळायचे, पाऊस लागला की खरखर आणि मग तेवढेही नाहीत. बाईंची अट एकच होती.

“काय वाटेल ते कर रे बाबा, पण नंबर बदलायचा नाही.”

“बाई, नंबर तोच राहील. काळजीच सोडा.”

हे वाक्य मी दिवसातून तीन-चार वेळा म्हणतो. त्या दिवशीही तसंच म्हणून गेलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं नंबर तारेत असतो. तो तारेत नसतो, एक्सचेंजमध्ये असतो. तांब्याची जोडी काढून काच जोडली तरी तोच नंबर काचेवर आणता येतो. अट अशी की कंपनी तीच हवी आणि कागदावर काम ‘रूपांतर’ म्हणून पडायला हवं. मोबाइलचा नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येतं, २०११ पासून देशभर ती सोय आहे. लँडलाइनला ती नाही. जुनं कनेक्शन आधी बंद करून नवं घेतलं की जुना नंबर बंद नंबरांच्या यादीत जातो, आणि पुढे कधीतरी कुणा अनोळखी माणसाला मिळतो. लोक नेमकं हेच करतात. आधी अर्ज देऊन जुना फोन बंद करतात, अनामत परत घेतात आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, दादा, आमचा नंबर तेवढा लावून द्या.

वाड्यातलं काम मात्र मनासारखं झालं. जुन्या वाड्यात केबल नेणं ही जोखमीची गोष्ट आहे. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की सगळं भसाभस खाली येतं, आणि तुळईला भोक पाडायला मन होत नाही. खांबावरून ड्रॉप केबल आणून मी ती जुन्या टेलिफोनच्याच वाटेनं घेतली, चौकटीच्या वरच्या फटीतून, माजघराच्या कडेकडेनं. वळण कुठेही करकचून दिलं नाही. काच वाकते, पण जास्त वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. मग ओट्यावर काच सांधायचं मशीन मांडलं. काचेचा धागा १२५ मायक्रॉन, त्यातला प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० चा असतो. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, पुसताना बारीक ‘कुईं’ आवाज आला की समजायचं काच स्वच्छ झाली. क्लीव्हरमध्ये काटकोनात तोडायची, दोन टोकं समोरासमोर ठेवायची आणि झाकण लावायचं. ठिणगी पडते आणि दोन काचा एक होतात. स्क्रीनवर प्रकाशाची तूट ०.०१ डेसिबल आली. सांध्यावर स्लीव्ह चढवून ती भट्टीत घातली. टोकाला मीटर लावला तर प्रकाशाची पातळी उणे १९.४ डीबीएम. उणे २७ च्या खाली गेलं की घरातला ओएनटी, म्हणजे लोक ज्याला मोडेम म्हणतात तो डबा, आंधळा होतो. आम्ही बऱ्यापैकी वर होतो. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, “टाके घालण्यासारखंच आहे हे.” इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

वरच्या मजल्यावर बाईंच्या उशाशी दुसरा फोन आहे, खालच्या रोझेटवरून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीवरून, समांतर नेलेला. तोही चालायला हवा होता. त्यासाठी ओएनटीच्या फोनच्या खाचेतून घरातल्या जुन्या वायरिंगला जोड द्यावी लागते, पण त्याआधी बाहेरून आलेली तांब्याची जोडी सोडवावीच लागते. तिच्यावर एक्सचेंजचे ४८ व्होल्ट असतात आणि घंटीच्या वेळी त्याहून जास्त. हे दोन एकमेकांना भिडले की नवा डबा जळतो. घाईत असं करून डबे जाळणारी मुलं आमच्याकडे आहेत, आणि नंतर ‘माल खराब आला’ म्हणून परत पाठवणारीही तीच. मी जोडी सोडवली, टोकांना टेप गुंडाळला. पावणेबारा वाजले होते. बाईंचा तांब्याचा फोन तेव्हा संपला.

ओएनटी सुरू झाला, दिवे हिरवे झाले. मी बाईंच्या फोनवरून माझ्या मोबाइलला रिंग दिली. स्क्रीनवर आलेला नंबर मी याआधी कुठेच पाहिला नव्हता.

खिशातून ऑर्डरचा कागद काढला. सकाळपासून त्यावर मी फक्त पत्ता आणि प्लॅन पाहिला होता. कामाच्या रकान्यात ‘नवीन जोडणी’ होतं. फोन लावून विचारलं तर ऑर्डर घेणारा एजंट म्हणाला, जुन्याचा बंदचा अर्जही दिलाय ना कालच, नातवाची सही आहे. नवीन जोडणी टार्गेटमध्ये मोजली जाते, रूपांतर मोजलं जात नाही. जुन्या ग्राहकाला सांभाळणं हे काम कुठल्याच रकान्यात बसत नसेल तर ते कुणी करत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. नातवाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तो मोबाइलच्या स्क्रीनवर बोट फिरवून मोकळा झाला होता. पण तो कागद माझ्याही खिशात होता. तार कापण्याआधी वाचला असता तर बाईंचा फोन चालू ठेवूनच मी हे निस्तरलं असतं.

बाईंना म्हटलं, तासाभरात येतो. गाडी थेट एक्सचेंजला घातली.

एमडीएफच्या, म्हणजे तारा जोडायच्या चौकटीच्या, खोलीत तात्या असतात. शहरातली प्रत्येक तांब्याची जोडी तिथे येते आणि लाल-पांढऱ्या जंपरनं, म्हणजे जोडतारेनं, तिच्या नंबराला बांधली जाते. मी पोरवयात याच खोलीत हमाली केली, जोड कसा मारायचा ते तात्यांनी शिकवलं. बंदच्या पावत्या त्यांच्या टेबलावर खिळ्याला टोचलेल्या असतात आणि ते रोज सकाळी आल्या आल्या त्यांचे जंपर काढतात. त्या दिवशीच्या सगळ्या पावत्यांवर टिक होती. एक मात्र वेगळी काढून चष्म्याच्या डबीखाली ठेवलेली होती.

“ह्यो बाईंचा नंबर हाय,” तात्या म्हणाले. “म्या म्हनलं बाई गेल्या का काय. दुपारच्याला गंगापुरीत जाऊन बघून येनार हुतो. जिवंत मान्साचा नंबर असा कसा काढू?”

मी तिथल्या स्टुलावर बसलोच.

जंपर होता, पण कॉम्प्युटरमध्ये बंदची ऑर्डर अर्ध्यावर आली होती. ती उलटवल्याशिवाय रूपांतराची ऑर्डर पडत नाही, आणि एकदा पूर्ण झाली की नंबर यादीत जातो. साहेब मीटिंगला साताऱ्यात. हिशोब विभागातल्या मॅडम म्हणाल्या, ग्राहकाचा अर्ज लागेल, सही हवी, ओळखपत्राची झेरॉक्स हवी. मी परत गंगापुरीत आलो, बाईंकडून अर्ज लिहून घेतला. त्यांचं अक्षर केसपेपरावरच्या अक्षरासारखं सरळ आणि एकसारखं. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘सदर नंबर रुग्णांकडे आहे.’ मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि साहेबांना स्वतः फोन लावला. मी त्यांना याआधी खूप नावं ठेवली आहेत. त्या दिवशी त्या जेवायला उठल्या नाहीत.

साडेपाचला रूपांतराची ऑर्डर पडली. वाड्यात जाऊन डबा बंद करून पुन्हा सुरू केला, मोबाइलला रिंग दिली, आणि दारामागचे ते सहा आकडे माझ्या स्क्रीनवर आले. माझे हात थरथरत होते. एक शेवटची अडचण निघाली. वरच्या फोनवर घंटी वाजायची, पण त्यावरून नंबर लागत नव्हता. उपकरण उलटं केलं तर खालचं बारीक बटण ‘पी’वर होतं. म्हणजे जुन्या पद्धतीचे ठोके. एक्सचेंजला ते कळायचे, या डब्याला कळत नाहीत. ‘टी’वर सरकवलं, लागला. नातवाच्या मोबाइलवर १०० एमबीपीएस दिसत होते, तो खूश होता. बाईंनी चहाबरोबर लाडू दिला.

इथे हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव आला. गंगापुरीत तारांवर झाड पडलं, रात्री साडेआठला वीज गेली ती सकाळी सहाच्या सुमारास आली. तांब्याचा फोन घरच्या विजेवर चालतच नाही. त्याची वीज एक्सचेंजमधून त्याच तारेतून येते, आणि तिथे बॅटऱ्यांची खोली आहे, इंजिन आहे. गाव अंधारात असलं तरी तो फोन वाजायचा. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरची वीज गेली की डबा मेला, आणि डबा मेला की फोन मेला. हे मला माहीत आहे. पोटापाण्याचंच काम आहे माझं. बाईंना मी हे सांगितलं नव्हतं.

त्या रात्री खोऱ्यातला एक पोरगा देवळाच्या पारापर्यंत पळत आला, कारण रेंज तिथेच येते. त्यानं १०८ ला कळवलं, गाडी निघाली होती. पण बायकोच्या कळा थांबत नव्हत्या. वाट बघावी की जीप काढावी हे विचारायला त्यानं बाईंना फोन लावला. तीन वेळा लावला. नंबर उपलब्ध नाही असंच ऐकू आलं. बाई वरच्या खोलीत, फोनच्या शेजारी झोपल्या होत्या. मोबाइल आहे त्यांच्याकडे, पण तो नंबर नातवाशिवाय कुणाकडे नाही.

त्यांनी जीप काढली. धोमच्या अलीकडे रस्त्यातच बाळंतपण झालं. मूल पायाळू. दोघंही सुखरूप आहेत, हे आधीच सांगायला हवं होतं मी.

बाईंना हे कळलं पेढे आले तेव्हा. बाळाच्या आजीनं विचारलं, “बाई, तुमचा नंबर बंद झाला व्हय?”

मला बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“पायाळू मूल, अंधारात, हलत्या जीपमध्ये. मी त्यांना हलू दिलं नसतं रे. गाडी येईपर्यंत थांबवलं असतं.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “वीज गेल्यावर फोन जातो हे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग मला एवढंच सांगायचं होतंस. मी विचार केला असता.”

मी नंबर राखण्यासाठी दिवसभर ऊन खाल्लं, त्याचं कौतुकही सगळ्यांना सांगत सुटलो होतो. एजंटनं मला विचारलं नाही, मी बाईंना विचारलं नाही. दोन्हींत फरक काय, हे मी स्वतःला अजून नीट सांगू शकलेलो नाही. ग्राहकाला भ्यायला लावू नका, जोडणी रद्द होते, असं आम्हाला वरून सांगतात. ते मी ऐकत आलो, कारण ते सोयीचं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बाईंकडे छोटा यूपीएस बसवला, थेट १२ व्होल्टचा, राउटरसाठी मिळतो तो. पैसे घेतले नाहीत. मग घरी येऊन वही काढली. तांब्यावरून काचेवर आणलेली, एकटी म्हातारी माणसं राहतात अशी ३४ घरं निघाली. आजवर २१ झाली. मी दारात उभा राहून सांगतो, वीज गेली की तुमचा फोन बंद पडेल. बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, मग जुना का काढलास?

बाईंनी यूपीएसवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी स्वतः मेन स्विच पाडला, भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहिली आणि दर अर्ध्या तासानं रिसीव्हर उचलून कानाला लावत बसल्या. संध्याकाळी मला फोन आला.

“चार तास दहा मिनिटं चालला. त्या रात्री वीज किती वेळ नव्हती रे?”

“साडेनऊ तास, बाई.”

त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी मी मोठी बॅटरी घेऊन जाणार आहे, ७ एएचची. माझ्या हिशोबानं ती आठ तास चालते. अजून दीड तास कुठून आणायचा ते बघतोय.