डीपी वाचता येतं, पिन येत नाही : पहिलीच्या इंग्रजीचा माझा अनुभव

पहिलीच्या पोरांना इंग्रजीचा गंधही नाही असं धरून शिकवण्याचं टाचण काढलं, की पहिलाच पाठ फसतो. यवतमाळकडच्या खेड्यातलं सहा वर्षांचं पोर डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर), एसटी, आरओचं पाणी, थ्री फेज, मोटर, टँकर, चार्जर हे शब्द रोज वापरतं. डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या इंटर्नशिपमध्ये मला द्विशिक्षकी शाळेतली पहिली-दुसरी एकत्र मिळाली. पहिले दोन दिवस मी फक्त असे शब्द पोरांकडून काढून फळ्यावर लिहिले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं, त्यामुळे एबीसीडी थोरल्या भावंडांकडून आयती आलेली असते.

गोची तिथेच होते. पोरांना अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. पिनचं कार्ड दाखवलं की ऐकू येतं, "पी, आय, एन." जोडून वाच म्हटलं, की "पाइन." चूक त्यांची नाही, डीपी आणि एसटी तसेच तर वाचतात! मराठीत 'प'ला प म्हणतात आणि तो वाजतोही तसाच. इंग्रजीत नाव पी, आवाज प्. डब्ल्यूच्या नावात तर त्याच्या आवाजाचा मागमूस नाही. मी वर्गात सरळ दोन रकाने केले: नावाने वाचायचे शब्द आणि आवाजाने वाचायचे शब्द. डीपी पहिल्यात, पिन दुसऱ्यात.

आवाज शिकवताना ए, बी, सी हा क्रम सोडला. एस, ए, टी, पी, आय, एन हा फोनिक्समधला, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीतला रूढ क्रम घेतला. एवढ्या सहा अक्षरांत सॅट, टॅप, पॅन, टिन, पिन, नॅप, सिप असे वाचण्याजोगे शब्द लगेच तयार होतात. आठवड्याला तीनच आवाज घ्यायचे आणि शनिवारी नवीन काहीच नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की काही पोरं आईसोबत वावरात जातात. ती परतली की मागचं सापडायला तो शनिवार लागतोच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चिकटलेल्या 'अ'चा. आपण प् म्हणायला जातो आणि तोंडातून 'प' निघतो. मग पोर "प-इ-न" म्हणतं आणि त्याची 'पिन' काही केल्या होत नाही. हलन्त समजावून पहिलीला उपयोग नाही. तळहात तोंडापुढे धरायला लावायचा: प्‌ला हातावर फुंकर लागली पाहिजे. दुसऱ्या हाताची बोटं गळ्यावर. गळा थरथरला, की 'अ' शिरला. ही खूण स्, ट्, प्‌साठीच चालते, न्‌ला गळा थरथरणारच.

जोडण्याच्या बाबतीत मला शिकवलेली रीत मी बदलली. शेवट सारखा ठेवून सुरुवात बदला, म्हणजे कॅट, बॅट, रॅट, असं आम्हाला सांगितलं होतं. पण आपली पोरं बाराखडीवर वाढलेली. त्यांना प् आणि इ मिळून 'पि' होतो हे आधीच कळतं. म्हणून सुरुवात सारखी ठेवली: पि–न, पि–ट, पि–प, मग पॅ–न, पॅ–ट. यात पोरं कमी अडखळली. माझ्या मते मराठी शाळेत हीच वाट आधी घ्यावी.

कार्डांना खर्च नको. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने एका कार्डावर एकच अक्षर. स्केचपेनचं बारीक अक्षर शेवटच्या ओळीतून दिसत नाही.

लिहिताना वेगळीच गंमत. मराठी अक्षर शिरोरेषेला लोंबतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. चाररेघी वहीत पोरं स्मॉल ए वरच्या रेघेला टांगतात आणि पीचा पाय तिसऱ्या रेघेवरच थांबवतात. म्हणून आधी फरशीवर खडूने चार रेघा ओढून बोटाने गिरवून घ्यायचं, वही नंतर. बी-डीचा गोंधळ नको म्हणून डी पंधरा दिवस उशिरा घ्यायचा.

३५ मिनिटांच्या तासातली पहिली पाच मिनिटं हुकमांची: स्टँड अप, टच द डोअर. इथे बाईने स्वतः हातवारे करायचे नाहीत. केले तर पोरं कानाने नाही, डोळ्याने पाळतात. 'अंडरस्टँड?' हा प्रश्न तर टाचणातून काढूनच टाकावा, उत्तर कायम "येस मॅडम."

तपासणी एकेकाची, सगळ्यांकडून एका सुरात नाही. पाच शब्द द्यायचे, त्यातले दोन बिनअर्थाचे: टॅस, निस. 'पिन' पाठ असू शकतं, 'निस' पाठ नसतं. तिथे अडलेल्या पोराचा नेमका कोणता आवाज अडला, तेवढंच वहीत टिपायचं.