४.४ सेकंद

आज जेवणाच्या सुट्टीत चीनच्या 'फूजियान' या विमानवाहू नौकेवरचा व्हिडिओ तीनदा पाहिला. जे-३५ या लढाऊ विमानाचं पुढचं चाक डेकवर अडकवलेलं, पिवळ्या जॅकेटमधला माणूस वाकून दोन बोटं पुढे करतो आणि क्षणात विमान समुद्रावर! हे विद्युतचुंबकीय कॅटापल्ट, म्हणजे विजेच्या चुंबकी जोराने विमान पुढे फेकणारी यंत्रणा. आधीच्या 'लिआओनिंग'वर उंचावलेल्या टोकावरून इंजिनाच्याच जोरावर उडायचं, म्हणून इंधन-शस्त्रं हात राखून भरावी लागतात.

मन मात्र जुन्या जे-१५ पाशीच अडकलं. युक्रेनकडून मिळवलेल्या सुखोईच्या नमुन्यावरून ते घडलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पहिल्यांदा नौकेवर उतरलं. त्या चाचण्या बघून बंदरात परतलेले प्रकल्पप्रमुख लुओ यांग २५ तारखेला हृदयविकाराने गेले. वय ५१. आणि २७ एप्रिल २०१६ ला वैमानिक झांग चाओ. नौकेवर उतरतात तसं जमिनीवर उतरायचा सराव चालू होता, यंत्रणा बिघडली, नाक एकदम वर गेलं. २९ वर्षांच्या त्या पोराने बाहेर पडण्याआधीचे ४.४ सेकंद विमान सावरण्यात घालवले.

चीनशी आपलं काय नातं आहे ते मला माहीत आहे. तरी गलबलून आलं. रात्री लेकाला सांगितलं तर म्हणाला, "आई, मोजून दाखव ना."

मोबाइलचं घड्याळ लावून मोजलं. खूप वेळ असतो तो.