आमची वाटचाल: मोडक्या टिपांपासून कार्बाइड पावडरपर्यंत

२००८ ला भोसरीत सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे जुनी स्कूटर आणि एक वजनकाटा, बाकी काही नाही. वर्कशॉप फिरायचं, झिजलेले इन्सर्ट (धातू कापायच्या हत्याराच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या टिपा), मोडके ड्रिल, एंडमिल किलोवर घ्यायचे. टिपा बहुतेक कार्बाइडच्या, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पावडर कोबाल्टने बांधून केलेला कडक माल. तो लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळे पिशवी अर्धीच भरलेली दिसायची आणि बंद तुटायचे, रस्त्यावर टिपा गोळा करत बसलोय कितीतरी वेळा.

पहिली दोन वर्षं आम्ही शुद्ध येडेपणा केला. एम-३५ ग्रेडचे ड्रिल स्वस्तातल्या एम-२ ग्रेडमध्येच टाकून विकले. दिसायला दोन्ही सारखेच हायस्पीड स्टील, पण एम-३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट असतो, म्हणजे तो कोबाल्ट आम्ही फुकटच वाटला की! पुढे कार्बाइडचा एक अख्खा लॉट पार्टीने परत पाठवला, आत सरमेटच्या टिपा निघाल्या. सरमेट म्हणजे मुख्यतः टायटॅनियमवाला माल, त्यात टंगस्टन कमी. वर सोनेरी कोटिंग असलं की डोळ्यांना फरक कळत नाही. लॉट घरी आणून तांदूळ निवडतात तसा निवडायला बसलो तर आईच म्हणाली, "अरे ही हलकी लागतेय हाताला." सरमेट कार्बाइडच्या जवळपास निम्म्या वजनाचं असतं, हे आम्हाला तिच्याकडून कळलं 😄 आता ग्रेड बघायला गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं हातातलं मशीन) आहे, पण माल आधी ताटातच निवडतो.

२०१८ ला कर्ज काढून जस्ताची भट्टी टाकली. ९०० अंशांच्या आसपास वितळलेलं जस्त टिपेतल्या कोबाल्टमध्ये शिरतं, टीप फुगते, मग व्हॅक्यूममध्ये जस्त उडवून परत गोळा करायचं, मागे राहतो तो गोळा अनारशासारखा जाळीदार, दाबला की भुगा, आणि टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट दोन्ही पावडरीत तसेच. म्हणूनच निवडणं महत्त्वाचं, जी ग्रेड आत जाते तीच बाहेर येते, भट्टी काही साफ करून देत नाही. पहिल्या बॅचला जाड आणि बारीक तुकडे एकत्र टाकले, जाड तुकड्यांचा गाभा दगडासारखा तसाच राहिला, भुगा दळायच्या मिलमधले गोळे खराब झाले ते वेगळंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि जगातलं बहुतेक टंगस्टन तिथलंच, त्यामुळे आता वर्कशॉपवाले भंगाराच्या डब्याला कुलूप लावतात, भाव आम्हालाच सांगतात. पूर्वी गटारात जाणारा ग्राइंडिंगचा गाळसुद्धा मोजून देतात. तो आमच्या भट्टीत चालत नाही, केमिकलवाल्यांकडे पाठवतो.