तुम्ही विचारलंत म्हणून: ढिगात नेमकं काय दिसतं?

जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंतून मी घरात सामान ठेवायच्या जागा तयार करते. घरी कोणी आलं, की भिंतीवर टांगलेल्या जुन्या टेबलाच्या खणापाशी थांबतं, पत्र्याचा डबा उघडून बघतं, आणि मग तो प्रश्न येतो. "जुन्या सामानाच्या एवढ्या ढिगात तुम्हाला हे दिसलं तरी कसं? आम्हाला तर नुसती अडगळ दिसते." उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमीच अर्धवट राहतं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

ढिगात मला फारसं वेगळं काही दिसत नाही. जे दिसायचं ते घरात आधीच दिसलेलं असतं. दोऱ्याची रिळं पिशवीत एकमेकांत गुंतलेली, चार्जरच्या वायरी खुर्चीच्या पाठीवर लोंबणाऱ्या, जुनी पत्रं तीन ठिकाणी विखुरलेली. ज्या वस्तूला घरात हक्काची जागा नाही, ती कुठल्या ना कुठल्या टेबलावर साचते. मी ती मोजते. सगळ्यात लांब विणकामाची सुई किती, रीळ उभं ठेवलं तर उंची किती, पत्रांचा गठ्ठा किती जाड. ही मापं फोनमध्ये लिहिलेली असतात आणि टेप पर्समध्ये असते. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरताना "काय मिळतंय बघू" असं माझ्या मनात नसतं. पस्तीस सेंटिमीटर लांबीचं, झाकण असलेलं काहीतरी हवं, असं असतं. असं ठरवून गेलं की नजर आपोआप नेमक्या जागी जाते.

माप नेहमी आतलं घ्यायचं. बाहेरून प्रशस्त दिसणारी पेटी फळीची जाडी वजा जाता कोती निघते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. आतून बरोबर तेवढीच पेटी असेल तर कागद आत जातो, पण काढताना बोट घालायला जागा उरत नाही आणि कडा दुमडतात. सगळ्या बाजूंनी बोटभर जास्त हवंच. आधी देखणी पेटी आणायची आणि मग तिच्यात काय ठेवू असा विचार करायचा, या उलट्या रस्त्याने गेलं की घरात जागा शोधणाऱ्या वस्तूंमध्ये एकीची भर पडते. पेटी कितीही सुंदर असली तरी मापाच्या यादीत बसत नसेल तर मी ती तिथेच ठेवून येते. वाईट वाटतं, पण ठेवून येते.

माप जमलं, की वस्तू उलटी करते. रंग, डाग, तुटकी कडी यांच्याकडे मी शेवटी बघते, कारण ते सगळं बदलता येतं. बूड, कोपरे आणि वास आधी बघायचे. कोपरे दोन्ही हातांनी धरून हलकेच तिरके दाबले तर जोड ढिला आहे की घट्ट ते लगेच कळतं. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर वस्तू काळ्या कागदावर ठोकून बघायची. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे असं धरायचं. ती इतर लाकडी सामानाजवळ नेऊच नये. लहान वस्तू असेल आणि मन अगदीच ऐकत नसेल तर एक उपाय आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर धरतं, लाकडावर नाही.

आता तो भिंतीवरचा खण. सगळ्यांत जास्त विचारणा त्याचीच होते.

टेबल, कपाट मोडीत निघतं तेव्हा त्याचे खण सुटे होतात आणि कोणाच्याच कामाचे नाहीत म्हणून कोपऱ्यात रचून ठेवलेले असतात. जुन्या सामानात इतकी चांगली सुतारकी इतक्या सहज क्वचितच हाताशी येते. खणाचा कोपरा जवळून बघा. पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत दातांनी गुंतलेल्या दिसतील, आणि बाजूच्या फळीचा प्रत्येक दात टोकाकडे रुंद होत गेलेला असेल. सुतार याला डव्हटेल म्हणतात. कडी धरून खण रोज ओढला जातो, तेव्हा पुढची फळी उखडून हातात येऊ नये म्हणून ही रचना. रुंद टोक अरुंद खाचेतून मागे निघूच शकत नाही. डिंक वाळून गेला तरी दात धरून ठेवतात.

हे समजलं, की खण भिंतीवर कसा टांगायचा ते कोणाला विचारावं लागत नाही. पुष्कळ जण कडीची बाजू वर ठेवून टांगतात, कारण तशी ती छान दिसते. मी कडीची फळी खाली ठेवते. आतल्या सामानाचं वजन त्या फळीला खाली ढकलतं, म्हणजे बाजूच्या फळ्यांपासून दूर, अगदी खण ओढताना ज्या दिशेला ताण पडायचा त्याच दिशेला. तो ताण सोसायलाच ते दात घातलेले आहेत. मागची फळी बहुधा साध्या जोडाची, कधी नुसती खिळे मारलेली असते. ती वर जाते आणि तिच्यावर भार येत नाही. आणि खाली आलेल्या कडीला किल्ल्या, कात्री, मोजपट्टी अडकवता येते. ज्या खणांना दात नाहीत, नुसते खिळे आहेत, त्यांना आतून कोपऱ्यात लोखंडी काटकोनी पट्ट्या मारून मगच टांगावं.

बुडाची फळी आता पाठ होते. ती पातळ असते, तिच्यातून स्क्रू मारून खण टांगला तर फळी भिंतीवर राहील आणि खण जमिनीवर. वरच्या फळीला आतून लागून एक जाड लाकडी पट्टी बसवायची, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांना स्क्रूने आवळायची, आणि भिंतीत जाणारे स्क्रू या पट्टीतून न्यायचे.

आत कप्पे करायचे तर पातळ प्लायवूडच्या पट्ट्या पुरतात, पण त्या बुडाच्या फळीला चिकटवू नयेत. ती प्लायवूडची नसून सलग लाकडाची असेल तर दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. सुताराने ती फळी खाचेत मोकळी सरकवून ठेवलेली असते ती याचसाठी. तिला डिंकाने जखडलं की एखाद्या कोरड्या मोसमात ती सरळ रेषेत तडकते. मी कप्प्यांच्या पट्ट्या एकमेकींत खाच पाडून अडकवते आणि सगळा सांगाडा आत नुसता दाबून बसवते. उद्या रिळांऐवजी औषधं ठेवायची झाली तर तो उचलून दुसरा टाकता येतो.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. बाहेरचं लाकूड चांगलं असेल तर ते झाकू नये. रंग आत द्यावा. साठवणीची वस्तू दिवसातून दहा वेळा उघडली जाते, तिचं आतलं रूप घरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर असतं. शिवाय आतून फिकट रंग असेल तर काळी सुई, बटण, बारीक स्क्रू लगेच दिसतो. गडद लाकडाच्या तळाशी तो चाचपडत शोधावा लागतो. खडूसारख्या मॅट रंगांची, ब्रिटनमधल्या रंगकार अॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणलेल्या चॉक पेंटपासून सुरू झालेली, जी लाट आहे ती मला समजते. घासाघीस न करता तो रंग जवळपास कशावरही बसतो. पण त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, वर मेण किंवा व्हार्निश लावलं नाही तर हाताचे डाग शोषून घेतो. आणि सोपं आहे म्हणून शिसवीच्या रेषांवरसुद्धा तो फासला जातो, ते बघून मला खरोखर त्रास होतो.

काही लाकडांवर, विशेषतः ओक आणि महोगनीवर, पांढरा रंग दिला की काही दिवसांत पिवळे-तपकिरी ओघळ वर येतात. लाकडातलं टॅनिन नावाचं तपकिरी द्रव्य पाण्याच्या रंगातून झिरपतं. आणखी तीन हात दिले तरी ते येतच राहतं. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात द्यायचा, ते थांबतं. हाच लाखेचा हात जुन्या खणांच्या आतला कोंदट वासही कोंडून टाकतो. आणि खण जर टेबलातच परत सरकणार असेल तर त्याच्या बाजूंना रंग देऊच नका. दोन्हीकडून दोन-दोन थर म्हणजे खण अडकणार. तिथे मेणबत्ती घासायची.

रंग हाताला कोरडा लागतो तो काही तासांत, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी झाकण बंद करून ठेवलं किंवा वर जड वस्तू ठेवली की दोन रंगवलेले भाग एकमेकांना धरतात. या कामात मला सगळ्यात कठीण वाटतं ते हे थांबणं.

पत्र्याच्या डब्यांचा हिशेब वेगळा. डबा पोलादी पत्र्याचा असतो आणि वर कथिलाचा अगदी पातळ थर. कथिल शाबूत आहे तोवर पत्रा सुरक्षित. एक ओरखडा पोलादापर्यंत गेला, की उघडं पडलेलं लोखंड उलट जास्त वेगाने गंजतं. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, कथिल तसं करत नाही. म्हणून आतला गंज बारीक स्टील वुलने काढला की त्याच दिवशी तिथे मेण किंवा पारदर्शक लॅकर लागलाच पाहिजे. बाहेरच्या छापील चित्राला मात्र ओलसर मऊ कापडापलीकडे काही लावू नका. ते चित्र एकदा घासून गेलं, की परत येत नाही.

बिजागऱ्या आणि कड्या सोडवून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्या की गंज सैल होतो. सकाळी ब्रशने घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या, म्हणजे आम्ल मरतं. मग लगेच पुसून तेलाचं बोट. पितळी दिसणाऱ्या कडीला आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि पितळेचा मुलामा आहे. जोरात घासलं तर मुलामा जाईल.

जुन्या सुटकेसचं आतलं अस्तर मी काढूनच टाकते. ते बऱ्याचदा खळीने चिकटवलेलं असतं आणि कसर त्याच्यावरच पोसते. नवा कागद थेट न चिकटवता आधी मापाचे पुठ्ठे कापते, कागद पुठ्ठ्याला लावते आणि पुठ्ठे आत बसवते. बाहेरून कागदाची नक्षी करायची असेल तर एकच सांगते, इंकजेटवर छापलेलं चित्र डिंकाच्या पाण्याने फुटतं. लेझर छपाई टिकते.

पत्रं किंवा फोटो ठेवायचे असतील तर ते उघड्या लाकडाला टेकू देऊ नका. लाकडातून, ओकमधून तर जास्तच, हळूहळू आम्लाच्या वाफा निघतात आणि कागद पिवळा पडतो. आम्लरहित कागदाची पाकिटं करून त्यात ठेवा.

दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. पहिली जुना रंग. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि कित्येक ठिकाणी तर त्याहून उशिरा. जुन्या रंगाचा इतिहास माहीत नसेल तर त्यात शिसं आहे असंच समजावं. तो कोरडा घासायचा नाही, हीट गनने जाळायचा नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. असा रंग सुटत असेल तर मी वस्तू घेत नाही. घट्ट असेल तर न खरवडता वरून बंद करते, आणि ती मुलांच्या खोलीत ठेवत नाही. जुन्या रंगीत डब्यांत खाण्याची वस्तूही ठेवत नाही.

दुसरी गोष्ट जवसाच्या तेलाची. लाकडाला ते फार सुंदर रूप देतं, पण तेल पुसलेली चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, वाळताना उष्णता सोडतं, आणि घडीत कोंडलेली उष्णता चिंधीला आपोआप पेटवू शकते. चिंधी बाहेर सपाट पसरून कडक वाळू द्यायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवायची.

आणि हल्ली काही जण खण उलटा करून बघतात आणि विचारतात, मागे हे काय लिहिलंय? प्रत्येक वस्तूच्या बुडाला मी एक चिठ्ठी लावते. कोणता रंग दिला, खाली लाखेचा हात आहे का, कुठला डिंक वापरला, कुठले स्क्रू माझे आणि कुठले मूळचे, आणि जुन्या रंगाला मी हात लावला की तो तसाच आत बंद आहे. उद्या ही वस्तू माझ्याकडून दुसऱ्याकडे जाईल, तो पॉलिशपेपर हातात घेईल, तेव्हा त्याला हे सगळं आधी कळायला हवं. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. शाई दमटपणात फुटते.