हागेनडोर्फचे स्ट्रुंझाइट: म्युनिकहून एका दिवसाची वाट

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या ओबरफाल्झ भागात, चेक सीमेला लागून असलेल्या वायडहाउस गावाच्या हद्दीत हागेनडोर्फ नावाची एक छोटी वस्ती आहे. तेथील ‘हागेनडोर्फ-स्यूड’ या खाणीतून अनेक दशके फेल्डस्पार (चिनी मातीच्या वस्तू व काच यांसाठी लागणारे खनिज) काढला जात होता. परंतु खनिजशास्त्रात तिचे नाव झाले ते फेल्डस्पारसोबत आलेल्या फॉस्फेट खनिजांमुळे. त्यांपैकी स्ट्रुंझाइट हे एक खनिज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढ्याच हेतूने मी हा प्रवास केला.

म्युनिकहून त्या भागातील वायडन शहरापर्यंत प्रादेशिक रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात. बायर्न तिकीट (बव्हेरियाभर प्रादेशिक गाड्यांत चालणारे एका दिवसाचे तिकीट) चालते, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच ग्राह्य धरले जाते, हे लक्षात ठेवून निघावे. वायडनपासून पुढे बस आहे; ती मोजक्याच वेळी सुटते आणि शनिवार-रविवारी आणखी विरळ होते, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. दोघे-तिघे असल्यास भाड्याची मोटार घेऊन ए-६ महामार्गाने जाणे अधिक सोयीचे.

मी प्रथम थेट खाणीच्या जागी गेलो, आणि ही माझी चूक होती. खाण १९८० च्या दशकात बंद झाली. आज तेथे कुंपण, झाडोरा आणि गवत यांपलीकडे पाहण्यासारखे काही नाही. जागा खासगी असल्याने आत शिरणे किंवा दगड उचलणे योग्य नाही. मागून येणाऱ्यांनी हा तास वाचवावा आणि सरळ काही किलोमीटरांवरील प्लायश्टाइन गावी जावे.

प्लायश्टाइनच्या मधोमध क्रॉयट्झबेर्ग हा गारगोटीचा उंच सुळका आहे, त्याच्या माथ्यावर चर्च आहे, आणि जवळून पाहिल्यास दगडात फिकट गुलाबी छटा दिसते. हा सुळका म्हणजे एका पेग्मटाइटचा गाभा होय. पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटी शिलारसाच्या शेवटच्या, पाण्याने समृद्ध अशा अंशातून तयार झालेला अतिशय जाड कणांचा खडक. सभोवतालचे फेल्डस्पार झिजून गेले आणि न झिजणारी गारगोटी तेवढी उभी राहिली. हागेनडोर्फमध्ये जमिनीखाली जे होते, त्याच प्रकारच्या रचनेचे हृदय येथे उघड्यावर पाहता येते. म्हणून संग्रहालयात शिरण्यापूर्वी या टेकडीवर अर्धा तास अवश्य द्यावा.

गावाच्या संग्रहालयात हागेनडोर्फची खनिजे मांडलेली आहेत. उघडण्याच्या वेळा मर्यादित असल्याने आधी विचारणा करूनच जावे. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील झिओलाइटांचे किंवा वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटचे देखणे स्फटिक पाहिलेल्या मराठी माणसाची येथे पहिल्या पाच मिनिटांत निराशा होण्याचा संभव आहे. तपकिरी-काळ्या दगडाच्या पोकळीत पिवळसर धूळ साचावी तसे काहीतरी दिसते. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, की त्या धुळीचे गवताच्या काड्यांच्या रंगाचे, केसाहून बारीक, रेशमी चमकेचे तंतू होतात, आणि ते पोकळीच्या भिंतीवरून जुड्यांनी उगवलेले दिसतात. तेच स्ट्रुंझाइट. भिंगाशिवाय या प्रवासाला अर्थ नाही. सोबत लहान विजेरी असल्यास काचेतूनही प्रकाश तिरपा टाकता येतो.

या खनिजाच्या संघटनेत मँगॅनिजाच्या एका अणूमागे फेरिक (अधिक ऑक्सिडीकृत) लोहाचे दोन अणू, दोन फॉस्फेट गट, दोन हायड्रॉक्सिल गट आणि पाण्याचे सहा रेणू असतात. स्फटिक त्रिनताक्ष (तिन्ही अक्ष एकमेकांना तिरपे असलेल्या) समूहातील असून विशिष्ट गुरुत्व सुमारे २.५ आहे. ते थेट शिलारसातून बनत नाही. आधी बनते ते ट्रायफिलाइट, म्हणजे लिथियम आणि लोह यांचे फॉस्फेट. (विद्युत वाहनांच्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत जो पदार्थ असतो, तो रचनेने हाच; त्याची ही उपयुक्तता टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवून दिली.) पुढे पाणी आणि ऑक्सिजन यांचा शिरकाव होऊन लिथियम वाहून जाते, लोहाचे ऑक्सिडीकरण होते, आणि मोकळ्या झालेल्या घटकांतून रॉकब्रिजाइट, लाउआइट, स्ट्रुंझाइट अशी खनिजे पोकळ्यांमध्ये वाढतात. जवळपास जस्त असेल, तर फॉस्फोफिलाइट आणि स्कोल्झाइट तयार होतात. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या पालेर्मो खाणीतही हीच साखळी घडली असल्याने स्ट्रुंझाइट तेथेही आढळते.

हे खनिज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते खनिजशास्त्रज्ञ ह्यूगो स्ट्रुंझ १९१० मध्ये याच भागातील वायडन येथे जन्मले. खनिजांचे रसायन आणि स्फटिकरचना यांवर आधारलेले वर्गीकरण त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. खनिजशास्त्रज्ञ अर्नेस्ट निकेल यांच्यासह केलेली त्याची नववी आवृत्ती २००१ ची आहे. तिच्यात फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा वर्ग आठवा आहे, आणि ज्यांत अतिरिक्त ऋणायन (हायड्रॉक्सिलसारखे ऋणभारित गट) व पाणी दोन्ही असतात, ती खनिजे ‘डी’ विभागात येतात. स्ट्रुंझाइटचा क्रमांक ८.डीसी.२५. हार्वर्डचे खनिजशास्त्रज्ञ क्लिफर्ड फ्रोंडेल यांनी १९५० च्या दशकात स्ट्रुंझाइट हे नाव दिले. स्वतः स्ट्रुंझ यांनी १९५४ मध्ये हागेनडोर्फच्या मधाच्या रंगाच्या एका खनिजाला स्फटिकांतील क्ष-किरण विवर्तनाचा शोध लावणारे भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांच्या सन्मानार्थ लाउआइट हे नाव दिले होते. वायडनच्या फलाटावर उतरताना ही माहिती ठाऊक असेल, तर पुढचा दिवस वेगळ्याच जिव्हाळ्याने जातो, असा माझा अनुभव आहे.

नमुना विकत घेण्याचा विचार असल्यास सावधगिरी हवी. कॅकॉक्सेनाइट आणि बेराउनाइट या दुसऱ्या फॉस्फेट खनिजांचे पिवळे तंतूही असेच दिसतात, आणि फेरोस्ट्रुंझाइट व फेरिस्ट्रुंझाइट ही भावंडे तर नुसत्या डोळ्यांनी वेगळी करताच येत नाहीत. खाणीचे नाव आणि परीक्षणाची पद्धत लिहिलेली जुनी चिठ्ठी सोबत असेल, तरच पैसे मोजावेत. तंतू इतके नाजूक असतात, की त्यांना बोट किंवा कुंचला लावू नये. मी घेतलेला छोटा नमुना झाकणाच्या डबीत तळाशी चिकटवून, हातातल्या पिशवीतून म्युनिकला आणला, आणि एकही जुडी मोडली नाही.